फंगह्वांग डोंगराच्या उतारावरची पिओनी

मी, थान शिऊहे, दिवंगत वेन चाओलिन यांची पत्नी, वय एकाहत्तर, राहणार फंगह्वांग डोंगराचा पायथा, थोंगलिंग, अनह्वेइ प्रांत. गुडघे सोडले तर माझं सगळं शाबूत आहे. डोकं तर विशेष शाबूत आहे. कोणी सांगितलं किंवा भरीस घातलं म्हणून नाही, स्वखुशीने मी हे सांगते आहे. निवृत्त शिक्षक फान गुरुजी ते लिहून घेत आहेत. याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही.

एक. राहतं घर, त्यातली भांडी, पलंग आणि मागची विहीर माझा एकुलता मुलगा वेन युआनमिंग याला द्यावी. तो हफेई शहरात क्रेन चालवतो. तिथे त्याची एक खोली आहे आणि खिडकीतून समोरची भिंत दिसते. म्हातारपणी त्याला उघड्यावर बसायला जागा हवी.

दोन. उतारावरची जमीन गावाची आहे, ती देण्याचा मला हक्क नाही. पण तिच्यावरची पिओनीची सगळी फुलझाडं, ज्यांच्या मुळीची साल औषधाला जाते, ती माझी आहेत. ती, खणायचं दोन दातांचं दुबेळकं आणि मुळ्या सोलायच्या सुऱ्या माझी सून कोंग यानचिऊ हिला एकटीला मिळाव्यात. मुलाला नाही आणि दोघांना मिळूनही नाही. गुरुजींनी "असं का?" म्हणून विचारलं, तेव्हा कारणही लिहून ठेवते.

मी या घरात लग्न होऊन आले त्याच हिवाळ्यात चुलीवरची उकळत्या तेलाची कढई कलंडली. डावा गाल, मान आणि खांदा भाजला. थोरली जाऊ चाइयुन दारात उभी राहून म्हणाली, "आता हिला माहेरी पाठवा. असं तोंड लोकांना काय दाखवायचं?" सासूबाई तिला बाजूला सारून चुलीपाशी गेल्या. त्यांनी पिओनीच्या मुळीची साल तिळाच्या तेलात मंद आचेवर कढवली, मेण घालून मलम केलं आणि रोज स्वतःच्या हाताने लावलं. एकदा मी विचारलं, "आई, मला परत पाठवणार का?"

"गप गं पोरी, मान हलवू नकोस," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला राणीची गोष्ट सांगितली. राणीने भर हिमात सगळ्या फुलांना फुलायचा हुकूम सोडला. बाकीची फुलली, पिओनी फुलली नाही. राणीने तिला जाळून हद्दपार केलं. पुढच्या वसंतात त्याच जळक्या खोडावर फूल आलं, पहिल्यापेक्षा मोठं.

"म्हणजे माझा डाग जाईल?"

"डाग नाही जाणार. आग जाईल. मी उगाच खोटं कशाला सांगू?"

तसंच झालं. डाग राहिला, आग गेली.

यानचिऊ सून म्हणून आली आणि मुलगा शहरात असल्याने माझ्यापाशीच राहिली, तेव्हा आमचं अजिबात पटलं नाही. ती मीठ जास्त घालते आणि बोलते त्याहून जास्त. मग दोन वर्षांपूर्वी, फुलं ऐन भरात असताना, युआनमिंग एका क्रीम बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाला घेऊन आला. त्यांना सगळा उतार एकदम खणून हवा होता आणि डबीवर छापायला माझा फोटो हवा होता.

तो माणूस म्हणाला, "आजी, या वयात काय कातडी आहे तुमची! जरा तिकडे वळा. हां, डावा गाल नको."

यानचिऊ दारात मुळ्या सोलायच्या सुऱ्यांना धार लावत बसली होती. "नको म्हणजे? तो काय शेजारणीचा आहे?"

"ताई, क्रीमच्या डबीवर डाग कसा दाखवणार?"

"मग डबीवर खोटं छापायला आमच्या आईंचं तोंड कशाला हवं? अख्खा चेहरा घ्या, नाहीतर चहा घ्या आणि निघा. शेवटची बस चुकली तर इथे झोपायला जागा नाही."

युआनमिंग चिडला. "तू मध्ये पडू नकोस! ते सगळी झाडं घ्यायला तयार आहेत."

"झाडं आईंची. त्यांना विचारलंस?"

तेव्हा कुठे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणाले. तो माणूस चहा न घेताच डोंगर उतरला. मुलगा कित्येक महिने बोलला नाही. नववर्षाला आला आणि मानाचं म्हणून माशाचं डोकं माझ्या वाटीत वाढलं. मी खाल्लं. तो विषय तिथेच संपला. त्याने हे वाचून बायकोशी भांडू नये.

तीन. मलमाची कृती कोणा एकाची नाही. जो येईल त्याला यानचिऊने दाखवावी. साल तापावर आणि बायकांच्या पोटदुखीवरही चालते, पण गरोदर बाईला मुळीच द्यायची नाही, कितीही गयावया केली तरी. कोणी मलम डबीत भरून विकलं तर "डाग जातो" असं लिहू नये.

चार. जाऊबाई चाइयुन यांना माझा रेशमी अस्तराचा कोट द्यावा. त्यांनी मला गावातल्या प्रत्येक लग्नात पाहुण्यांपासून लांब चुलीपाशी बसवलं, ते मी विसरलेले नाही. पण त्यांना आता थंडी सोसत नाही आणि त्यांची मुलं लक्ष देत नाहीत. कोट देताना हे सगळं वाचून दाखवावं. त्या रागावतील, पण कोट ठेवून घेतील.

पाच. माझ्या थडग्यावर फुलझाड लावू नये. फूल बघायला लोक येतात आणि पायाखालचा वाफा तुडवतात.

सहा. खालच्या अंगाची झाडं या शरदात खणायला आली आहेत. मी नेमकी तेव्हा गेले तर काम थांबवू नये. पाऊस लागला की साल काळी पडते. मला पुरून आलात की पांढरे कपडे बदला, आधी पोटभर जेवा आणि दुपारी उतारावर जा. यानचिऊ खणताना रडेल. तिला रडू द्या, पण दुबेळकं तिच्या हातातून काढून घेऊ नका.

वरील मजकूर गुरुजींनी मला दोनदा वाचून दाखवला. मी एक शब्द बदलायला लावला, तो त्यांनी बदलला. मग साक्षीदारांसमोर मी माझ्या हाताने सही केली.

(सही) थान शिऊहे

साक्षीदार:
१. फान जिंगथांग, निवृत्त शिक्षक (सही)
२. लू शिशियान, शेजारी (सही)

ठिकाण: फंगह्वांग डोंगर, थोंगलिंग
दिनांक: ९ सप्टेंबर २०१७