हात पोचू नये असं बटण

प्रिय आई,

तू मावशीकडे गेल्यापासून फोनवर आपण हवामान, मावशीचा गुडघा आणि माझं जेवण या तीनच विषयांवर बोलतोय. चौथा विषय, तुझ्या लग्नाचा, तू एकदाच काढलास. “तू नको म्हणालीस तर मी त्यांना ‘नाही’ असं कळवते, आणि हा विषय पुन्हा निघणार नाही,” असं एका दमात सांगून टाकलंस. मी “बघू” म्हटलं. माझं “बघू” म्हणजे काय ते तुला चांगलं ठाऊक आहे. लहानपणापासून मी नकार असाच देत आलेय. त्यानंतर तू काही विचारलं नाहीस. म्हणून लिहायला बसले. फोनवर तू मधेच “असू दे गं” म्हणतेस आणि माझं वाक्य अर्धंच राहतं.

आधी एक गुपित फोडते. तुझे गाडीवाले माझ्याकडे येऊन गेले. एकदा नाही, लागोपाठ दोन रविवार. (मनात मी त्यांना गाडीवालेच म्हणते. आपल्या दुकानात तुझ्या चष्म्याची दांडी तीनदा बसवून देणाऱ्या माणसाला चष्मेवाले म्हणायला हवं खरं तर. एका बाईच्या चष्म्याची दांडी इतक्या वेळा मोडते कशी, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.) बसने दोन तासांचं अंतर त्यांनी त्या जुनाट विटकरी गाडीतून चार तासांत कापलं आणि उतरल्या उतरल्या म्हणाले, “लवकरच पोचलो म्हणायचं!” मग बॉनेटवर थाप मारून, “इंजिनिअरबाई, या म्हातारीला गाणं शिकवायचंय. पण तुमच्या आईला कळता कामा नये.”

मुलीला खूश करायला आलेत, हे कळायला इंजिनिअर असावं लागत नाही. मी पाणी दिलं, खुर्ची दिली नाही. आम्ही खाली पार्किंगमध्येच उभे राहून बोललो. दोन मेकॅनिकांनी त्यांना सांगितलं होतं की गाडीची सगळी वायरिंग उपसून नवीन पद्धतीची करा, मगच स्टिरिओ बसेल. ते त्यांना नको होतं. तुला कळेल असं सांगते. त्या गाडीची बॅटरी सहा व्होल्टची, आजच्या स्टिरिओला बारा लागतात. शिवाय तिच्या पत्र्याला बॅटरीचं धन टोक जोडलेलं आहे, आणि नव्या स्टिरिओच्या धातूच्या पेटीला ऋण. म्हणजे तो नुसता स्क्रूने पत्र्याला पिळून चालू केला असता तरी धूर निघाला असता. मी म्हटलं, मेकॅनिक चुकीचं सांगत नाहीत, सोपं सांगतायत. ते म्हणाले, “या वयात तिला बदलायला लावणं बरं नाही. तिचं तिला राहू दे, गाण्याचं गाण्याला. दोघांचीही सोय होईल असं काही आहे का तुमच्याकडे?”

होतं. ऑफिसात मी तेच करते. एका दाबाची वीज घेऊन दुसऱ्या दाबाची देणारे डबे बनवते. त्यांतल्या एका जातीत येणारी आणि जाणारी तार एकमेकींना कुठेच लागत नाहीत, मधल्या चुंबकातून ताकद पलीकडे जाते. तसा एक डबा मी आठवडाभरात घरी जुळवला आणि पुढच्या रविवारी मागच्या सीटखाली लाकडी फळीवर, रबराच्या चकत्या घालून बसवला. ॲम्प्लिफायर त्याच्या शेजारी, तोही पत्र्यापासून सुटा. स्पीकर मागच्या काचेखालच्या फळीवर, लाकडी खोक्यांत. गाडीला एकही नवं भोक पाडलं नाही. ते शेजारी टॉर्च धरून उभे होते. टॉर्च बरोबर धरणारी माणसं कमी असतात, हे मी नोंदवून ठेवलं. बोलले मात्र फार. “हे काय? आणि ते काय?” मी दोनदा म्हटलं, “काका, सावली पडतेय.”

जुन्या गाड्यांचा डायनॅमो इंजिन हळू चालत असताना जवळजवळ काहीच वीज देत नाही. म्हणून उभ्या गाडीत मोजायला मीटर लावला, तर आकडा हवा त्यापेक्षा चांगलाच वर. कारण साधं होतं. गाडी जागेवर उभी असतानाही इंजिन धावत सुटल्यासारखं घोंघावत होतं. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन कार्ब्युरेटरच्या स्क्रूने इंजिनाचा वेग कमी करायला वाकले, तर त्यांनी मधे हात घातला. “तेवढा राहू दे.” मी जरा चिडलेच. म्हटलं, पेट्रोल फुकट जळतंय, कानठळ्या बसतायत, आणि तुम्ही म्हणता राहू दे? त्यांनी टॉर्च बंद केला. म्हणाले, “तुझी आई गाडीत गुणगुणते. तिला वाटतं, इंजिनाच्या आवाजात मला ऐकू येत नाही. सिग्नलला गाडी उभी राहिली, इंजिन शांत झालं, की ती ओळीच्या मधेच थांबते. मी एकदोनदा म्हणून पाहिलं, थांबू नका. तर त्या दिवशी घरी पोचेपर्यंत गप्प. मग मीच इंजिन शांत होऊ द्यायचं सोडलं.”

मी स्क्रूला हात लावला नाही. चूक दिसत असून तशीच सोडण्याची माझी ही पहिली वेळ.

आई, मला स्वयंपाकघरातला रेडिओ आठवतो. बाबांना शांतता लागायची. ते कधी ओरडले नाहीत, नाव ठेवायला जागा नव्हती, आणि त्यांची आठवण मला तुझ्याइतकीच येते. पण फाटकाची कडी वाजली की तुझा ओला हात रेडिओकडे जायचा, हे मी टेबलावर अभ्यास करता करता रोज पाहिलंय. ते गेल्यानंतरही तू आवाज तेवढाच ठेवलास. कडी वाजवणारं कोणी उरलं नव्हतं, तरीही. मला भीती याचीच होती. पुन्हा कोणाची तरी पावलं वाजतील आणि पुन्हा तू कमी होशील. तुझ्या लग्नाला माझा विरोध होता तो एवढाच; शब्दांत मांडता येत नव्हता, म्हणून “बघू”.

शेवटी आवाजाचं बटण राहिलं. ते लांब वायरीवर सुटं असतं, हवं तिथे लावता येतं. मी रीतीप्रमाणे स्टिअरिंगजवळ लावलं. ते आत बसले, हात लांब करून पाहिला आणि म्हणाले, “नाही, हे चुकलंय. इथे माझा हात पोचतो.” मी म्हटलं, मग अजून कुठे पोचायला हवा? “पोचायलाच नको. तिच्या दाराजवळ लाव. आणि मी वाकून पाहतो; तरी पोचला, तर अजून पलीकडे सरकव.” आम्ही ते दोनदा सरकवलं. आता त्यांचा हात तिथवर जात नाही. मी टेपने मोजलंय. मग वर येऊन चहा घ्या म्हटलं.

तर, माझं उत्तर हो आहे. “बघू” नाही, हो. शनिवारी ते तुला मावशीकडून आणायला येतील. गुपित मी फोडलंय हे त्यांना कळू देऊ नकोस. खोटं आश्चर्य दाखवण्यात तू कच्ची आहेस, तेव्हा दोन दिवस मावशीसमोर सराव कर. मीही येतेय, रजा टाकलीय. मी मागे बसणार. स्पीकर बरोबर माझ्या कानामागे आहेत, म्हणजे सगळ्यात मोठं मलाच ऐकू येणार. माझ्यासाठी आवाज कमी करू नकोस.

तुझीच,
मागच्या सीटवरची लेक