वजनावर आवळायचं

सोम. २ फेब्रु.
आज ह्यांना साताऱ्याला रेडिएशनचा शेक द्यायला न्यायचं होतं. नाही गेलो. गाडीत मागं गादी टाकली, दारात लावली, हे उठेनात. "त्या गाडीत न्हाई बसायचं. खड्ड्यागणिक मणक्यात खिळा ठोकल्यागत होतंय."
दोनच शेक झालेत. डॉक्टर म्हणतो गाठ थांबवायची तर खंड पाडू नका. त्याला काय जातंय सांगायला. आमचा घाट बघितलाय का त्यानं.
रस्ता माझ्या हातात नाही. गाडी आहे.

मंगळ. ३
गाडीखाली शिरून बघितलं. पुढची चाकं धरणारे खालचे दोन आर्म, त्यांच्या बुशचं रबर पार चिरलंय. बोट घातलं तर भुगा आला. हिसके बसतील नाहीतर काय.
भुगा ह्यांच्या हातावर ठेवला. चोळत बसले. जन्मभर हीच गाडी चालवली, मेढ्यापासून वरच्या वाड्यांपर्यंत. माणसं, स्ट्रॉबेरीचे क्रेट, एकदा अडलेली बाळंतीण. म्हणाले, "मला कवाच कळलं हुतं."
मग बोलला का नाही?
भुगा फुंकून टाकला.
लेकीला सांगलीला फोन केला. सुमी म्हणाली जावई बुश घेऊन एसटीनं पाठवतील.

गुरु. ५
बुश आले. मेढ्याला शौकत मिस्त्रीकडं गाडी घातली. जुने बुश निघता निघेनात, गंजून बसलेले. ह्यांच्याजवळ शेजारची म्हातारी बसवलेली, ती किती वेळ बसणार. नवे बसले तरी गाडी जॅकवरच, चाकं लोंबकळत.
शौकत म्हणाला, "वहिनी, जरा दम धरा. गाडी खाली घेतो, चाकांवर वजन पडलं की मग बोल्ट आवळतो."
म्हणलं, आवळ हाय तशीच.
"भाऊ शिव्या देतील मला." ह्यांना भाऊ म्हणतो तो.
"मला देतील. मला सवय हाय."
आवळले.
येताना सीटवर तांब्या भरून ठेवला, बघू म्हणलं किती हिंदकळतोय. फाट्यापर्यंत निम्मा सांडला. सीट ओली, पदर ओला.

शुक्र. ६
काल इंजिन बंद करायच्या आत पडवीतून आवाज, "अधांतरी आवळलेत बुश." पडल्या पडल्या नुसतं ऐकून. म्हणे चाकं लोंबकळताना आवळलं की रबर पिळून बसतं. वजन आलं की ताणतं, मग फाटतं. "तुलाच घाई झाली असंल."
झाली. नाही म्हणलं नाही.
शौकत शिराळ्याला बहिणीकडं गेलाय. म्हणलं मीच करते. हे हसले. लय दिवसांनी.

शनि. ७
शेजाऱ्यांना बोलावून बाज अंगणात आणली. हे बाजेवर, मी गाडीखाली. चाकांना दगड लावले. ह्यांनी सांगितलं तसे बोल्ट ढिले केले, बाहेर येऊन गाडी वरून दाबली, हलवली, परत खाली शिरले. तोंडात माती, पान्हा निसटून हाताचं साल गेलं. ह्यांचे फक्त पाय दिसत होते. सुजलेले.
पान्हा बोल्टला लावला तवा हे बोलले. मला उठता येणार नाही, तोंडाला तोंड देता येणार नाही, हे बघूनच बोलले.
"हिसक्याचं निमित्त हुतं. गाडी मऊ केलीस तरी मला तिथं जायाचं न्हाई. ते मशीन, ती रांग. नगं वाटतंय."
मी म्हणलं, "किती आवळू?"
"अजून अर्धा फेरा."
आवळला.
"बास?"
"बास."
तरी लगेच बाहेर नाही आले. पडून राहिले तशीच. वरनं माती गळत होती.

रवि. ८
तांब्या परत सीटवर ठेवून फाट्यापर्यंत जाऊन आले. थेंब नाही सांडला. ह्यांना सांगितलं नाही. माझ्या खांद्याला धरून गाडीपर्यंत आले, सीटवर हात फिरवून बघितलं.
जेवले नाहीत.

मंगळ. १०
सुमी आली. दवाखान्यातून तिलाच फोन होता, गुरुवारी या, नाहीतर पुढं कधी जमेल सांगता येणार नाही. आल्यापासून बापाच्या डोक्याला तेल लावतीय, "गाडी झाली की ओ दादा, आता कशाला घाबरताय." ती पाणी आणायला गेली तशी मी म्हणलं, येताय का गुरुवारी?
"बसतो गाडीत."
"मग?"
"फाट्याला खाली साताऱ्याकडं नगं घेऊ. वर घे. सड्यावर."
वर सड्यावर काही नाही. डोंगरमाथ्याचा उघडा माळ, वाळलं गवत आणि वारा. तिथंच मला गाडी शिकवली ह्यांनी. म्हणायचे आपटायला काय न्हाई हितं, चालव बिनघोर. तरी एक दगड शोधलाच होता मी.
"तिथं जाऊन काय करायचं?"
"बसायचं."
लय बोलायचं होतं मला. सुमी आली पाणी घेऊन.

बुध. ११
गादी टाकली. उशा दोन्ही बाजूनं. सुमीनं दवाखान्याचे कागद पिशवीत भरले, पुढं ठेवले. तिला काही बोलले नाही. बोलले तर रडेल, आणि रडली तर मी तिला ओरडेन.
बोल्ट परत एकदा बघितले. हलत नाहीत.
ह्यांनी एवढंच विचारलं, "डिझेल घातलंस का?"
घातलं म्हणलं. साताऱ्याला पुरेल एवढं. सड्यालाही.
"मग कुठं घेणार?"
झोपा म्हणलं आता.