आईने शिवलेली टोपी

ताई,

साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे, दोन्ही वेळ पोटभर जेवतो. आईचा खोकला कसा आहे?

माझ्या खोलीतल्या चित्रकाराला मी भाऊ मानलं होतं. "सावली बघायचीय, टोपी पुढे धरून कोपऱ्यावर जरा उभा राहा," म्हणाला. मी राहिलो. आता त्याने काढलेलं रस्त्याचं चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरून आमच्याच छापखान्यात आलंय. त्यात मी भिकारी आहे. वर म्हणतो, "एवढं काय मनाला लावून घेतोस?"

छापायचंही मलाच. शाई चोळून पत्रा पुसताना चित्रातल्या माझ्या तोंडावर फडकं जोरात रगडतो. पण शाई रेषांत मुरलेली असते. जितका पुसावा तितका मी स्वच्छ उमटतो.

चित्र तिकडे आलं तर आईला दाखवू नकोस. चेहऱ्याचं काहीतरी सांगता येईल. टोपी ती लगेच ओळखेल.

तुझा धाकटा