घरच्या माणसाला एकच तारा

१२ फेब्रुवारी
चि. सोन्यास, ताईचे पोटभर आशीर्वाद.

वि. वि. तुझी पर्यटक मार्गदर्शिका पोचली. समुद्राचा फोटो सुरेख आहे, फक्त तो आमचा समुद्र नव्हे. गोल्फच्या मैदानावर तू दोन पानं लिहिलीस. शेजारचा न्हावी विचारत होता, तुझ्या भावाला काठीने चेंडू मारतात की चेंडूने काठी, एवढं तरी ठाऊक आहे का. मी म्हटलं, माहिती नाही म्हणून आमच्या घरात कोणाचं काम अडत नाही.

आता मुद्द्याचं. आमच्या लॉजला राहण्यासाठी तीन तारे, ठीक. जेवणाला एक, आणि खाली शेरा, ‘भूक फारच लागली असल्यास’. ह्यांनी ते वाचलं आणि ॲप्रन काढून खुंटीला अडकवला. आज अकरावा दिवस. तीस वर्षं ज्या माणसाने मला सूपमध्ये मीठसुद्धा टाकू दिलं नाही, तो आता दिवसभर मैदानाच्या कुंपणाशी उभा राहून लोकांना चेंडू कसा मारावा ते शिकवतो. काल एका खेळाडूने त्यांना घरी जायला सांगितलं. ते घरी आले आणि न जेवता झोपले. पाहुण्यांना मी टोस्ट देते, तोही एका बाजूने काळा.

ह्यांच्या हातचं शेवटचं कधी खाल्लंस ते आठव आणि नीट तारे दे.

माया आहेच, सध्या मोजून.
ताई


२० फेब्रुवारी
ती. ताईस, कान धरून नमस्कार.

भाऊजींच्या हातचा भाजलेला मासा नऊ वर्षांपूर्वी खाल्ला. तेव्हापासून दुसरीकडे मासा मागवायची हिंमत होत नाही. अडचण नेमकी तीच. लॉज माझ्या बहिणीचं आहे हे साहेबांना माहीत आहे. चार तारे दिले असते तर घरच्यांना खिरापत वाटली म्हणून ऑफिसभर कुजबुज झाली असती. तेव्हा निःपक्षपातीपणा म्हणून तीन कापले. तिथल्या गोल्फ क्लबच्या भोजनगृहाशी माझं काही नातं नाही, त्यामुळे त्यांना बिनदिक्कत चार देता आले. तिथलं जेवण मी चाखलेलं नाही, पण त्यांच्या सेक्रेटरीने पाठवलेलं पत्रक फार रुचकर होतं.

तारे बदलायचे तर लेखकाने ओळख न देता स्वतः जेवून यावं, असा नियम आहे. पाच मार्चला येतो. भाऊजींना सांगू नकोस. मी चष्मा बदलला आहे.

रागात थोडा लोभ मिसळून ठेव.
तुझा सोन्या


२६ फेब्रुवारी
चि. सोन्यास आशीर्वाद.

तू हाफ पँटमध्ये होतास तेव्हापासून ते तुला ओळखतात. चष्म्याने काय होणार आहे? पण ये.

ताई


९ मार्च
ती. ताईस नमस्कार.

तू सगळं पाहिलंसच. मी अनोळखी पाहुण्यासारखं जेवण मागितलं. भाऊजींनी मान वर करून पाहिलं आणि फार अदबीने, मला ‘अहो’ म्हणून, सांगितलं की इथलं भोजनगृह बंद आहे, सद्गृहस्थ क्लबात जेवतात. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला अहो म्हटलं.

क्लबातलं सूप नळाच्या पाण्याइतकं गरम होतं आणि मासा बहुधा माझ्यापेक्षा वयाने मोठा. त्यांचे दोन तारे गेले. पण जे जेवण मिळालंच नाही, त्याला तारे कसे देऊ? भाऊजींची माफी मागायला तोंड नाही. माझ्या वतीने तूच माग.

तुझ्या मायेला न शोभणारा,
सोन्या


२ एप्रिल
चि. सोन्यास खूप आशीर्वाद.

माफी मागितली नाही, कारण गरज उरली नाही. त्या संध्याकाळी तू क्लबातून परत येईपर्यंत हे खिडकीशी उभे होते. तू पानात किती टाकलंस, हे त्यांनी मला तीनदा विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ॲप्रन बांधला, आणि दुपारी स्वतःच्या हाताने पाटी रंगवून भोजनगृहाच्या दाराला लावली: ‘इथे सर्वांना जेवण मिळेल. मार्गदर्शिकेचे लेखक सोडून.’

लोक पाटी वाचून हसत आत येतात आणि ताट पुसून उठतात. क्लबचे सेक्रेटरी दोनदा येऊन गेले, दाराकडे पाठ करून बसले. कुंपणाकडे हे फिरकत नाहीत. दिवसभर तुझ्या नावाने खडे फोडत कांदा चिरतात, आणि चव अशी की मलाही त्यांच्याशी भांडायला सवड होत नाही. तुझी चौकशी मात्र रोज होते: एक तारा देणारे अहो कसे आहेत.

तेव्हा पुढच्या आवृत्तीत लोभ वाढव, तारे वाढवू नकोस. उरलेला एकही काढता आला तर बघ.

तुझी ताई