दोघांचा राजस्थान दौरा

१२ नोव्हेंबर, सकाळी
सुभेदार म्हणून रिटायर होऊन कोरेगावला आलो. आजपासून रोजनिशी. शिस्त सुटता कामा नये.
निर्णय: जानेवारीत मी आणि शकुंतला, राजस्थान. लग्नाला इतकी वर्षं झाली, दोघंच असे कुठे गेलो नाही. माझ्या पोस्टिंगच्या जागा तिला दाखवायच्या. जोधपूर, बिकानेर, जैसलमेर. वाटेत उदयपूर, जयपूरही उरकता येतील.
तिला अजून सांगितलेलं नाही. आनंदानं उडी मारेल.

१३ नोव्हेंबर
सांगितलं. उडी मारली नाही. भाकऱ्या थापत होती. म्हणाली, “आवं, मला समुद्राकडंला नुसतं बसायचं हाय. चार दीस. कुणी च्या मागायचा न्हाई.”
समजावलं, की बसायला एवढ्या लांब जायची गरज नाही. आपला ओटा आहे. त्यावर ती काही बोलली नाही. म्हणजे पटलं.

१९ नोव्हेंबर
प्रोग्राम तयार. पाचला उठणे. रोज दोन किल्ले, दुपारी म्युझियम. विश्रांती गाडीत.
पुण्याहून अंकिताचा फोन. विचारत होती, पप्पा, आईला विचारलंत का? म्हटलं, सांगितलंय की. पोरगी बराच वेळ हसली. प्रोग्राम आवडलेला दिसतो.

२ डिसेंबर
तिकिटं काढली. दोन्ही लोअर बर्थ.
शकुंतलेला म्हटलं, जैसलमेरच्या छावणीबाहेर एक फोनबूथ होता, तिथून तुला फोन लावायचो, ती जागा दाखवतो. ती म्हणाली, “तवा लय बगायची हुती मला. किती पत्रं टाकली. तवा न्हेलं न्हाईसा.”
अहो, पण आता नेतोय ना! मुद्दाच कळला नाही तिला.

१५ डिसेंबर, महाबळेश्वर
रंगीत तालीम म्हणून एक दिवसाचा दौरा. टॅक्सी, सात पॉइंट. पहिल्याच पॉइंटला ही कणीस घेऊन बाकावर बसली. वेळ संपली म्हणून सांगितलं, तर म्हणाली, “तुमी जावा फिरून. मी बसते हितं.”
टॅक्सीचं नुकसान नको म्हणून उरलेले सहा पॉइंट एकट्यानं केले. उत्कृष्ट वेळ साधली. प्रत्येक ठिकाणी धुकं होतं, दिसलं काही नाही, पण झाले.
परत आलो तर शकुंतला एका बाईशी बोलत बसलेली. पल्लवी नाव, सांगलीची. दोघी हसत होत्या. शकुंतला डोळ्यांतलं पाणी पुसत हसत होती. मी समोर उभा राहिलो, खाकरलो. जरा वेळानं लक्ष गेलं.
ती अशी हसते हे माहीत नव्हतं. विनोद काय होता विचारलं. म्हणाली, काय न्हाई.

२८ डिसेंबर
पल्लवीबाई आणि तिच्या सांगलीच्या मैत्रिणी जानेवारीत वेंगुर्ल्याला चालल्या आहेत. शकुंतला म्हणते, मी बी जाते. तारखा नेमक्या आपल्याच.
परवानगी दिली. ऐनवेळी माघार घेईल. माझ्याशिवाय ती कोरेगावच्या पुढे गेलेली नाही.
(अंकिता म्हणते, पोरांची आजारपणं, शाळा, कॉलेज, ऊस, सातारची कोर्टकचेरी, सगळं आईच एकटी फिरून करायची. तो भाग वेगळा.)

१० जानेवारी
शकुंतला सांगलीच्या एस.टी.त बसली. खिडकीतून म्हणाली, “जेवाण येळेवर करा.” रडली नाही. कणखर आहे.
तिचं तिकीट रद्द केलेलं नाही. मन बदलू शकतं.

११ जानेवारी, गाडीत
समोरचा बर्थ रिकामा. नंतर टी.सी.नं एका माणसाला दिला. घोरतो.

१३ जानेवारी, जोधपूर
किल्ला पाहिला. फोटो काढायला एका पोराला मोबाईल दिला. मी एका कडेला उभा राहिलो, बाजूला जागा सोडून. तो म्हणाला, अंकल, बीच में आइए. आलो.
अकेले आए हो? म्हणाला. मिसेस हॉटेलवर आहे, दमलीय, म्हटलं. तेवढी माहिती पुरे.

१५ जानेवारी, जैसलमेर, संध्याकाळ
फोनबूथ नाही आता. तिथं चपलांचं दुकान आहे. दुकानदाराला सांगितलं, इथून मी घरी फोन करायचो. तो म्हणाला, कौनसा नंबर? चपलेचा विचारत होता.
तिथूनच शकुंतलेला मोबाईल लावला. मागं समुद्राचा आवाज, बायकांचा गलका. दुकानाचं काही बोललो नाही. म्हटलं, इथलं पाहून होत आलंय. तिकडं येऊ का मी?
ती बायकांतून बाजूला गेली असावी. समुद्रच ऐकू येत होता. मग हळू आवाजात म्हणाली, “आवं, हितं बगायला काय न्हाई. नुसतं बसायचं असतंय. तुमास्नी न्हाई जमायचं.”
रागानं म्हणाली असती तर उत्तर दिलं असतं.
हॉटेलबाहेर पायरीवर बसलो. समोर बघायला काही नव्हतं. घड्याळ पाहिलं नाही. दोनदाच पाहिलं.
मग उठलो.