वायफाय मेरीच्या नावावर

३ ऑगस्ट २०२५, रविवार

वायफाय नाही! घड्याळ आहे, कॅल्क्युलेटर आहे, पत्त्यांचे तीन खेळ आहेत, कोपऱ्यात कचऱ्याची टोपलीसुद्धा आहे — वायफाय नाही.

सकाळी चर्चला दांडी मारून जुन्या लॅपटॉपवरचं विंडोज काढून लिनक्स चढवलं. फुकट, मुक्त, माणसांनी माणसांसाठी केलेलं, असं पहिल्याच पडद्यावर लिहिलंय. मग त्या माणसांपैकी एकालाही शेजारच्या खोलीतला राउटर दिसू नये?

मेरी एकटीच चर्चला जाऊन आली. दारातूनच विचारलं, "झालं का?"

"जवळजवळ."

"म्हणजे नाही," म्हणाली आणि कांदा चिरायला बसली.

लॅपटॉपने सुरुवातीला नाव विचारलं होतं. 'खोडरबर' असं घातलं. चार वर्षं हे नाव साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर छापून येतंय, पण मला त्या नावाने हाक मारणारं जगात कुणी नाही. म्हटलं, निदान एका यंत्राने मारावी.

४ ऑगस्ट, सोमवार

हा उपद्व्याप कशासाठी, ते एकदा कागदावर मांडतो. मूर्खपणाची खोली कळेल.

आत्तापर्यंत खोडरबरचे लेख मी शाळेच्या संगणक कक्षातून पाठवायचो. चेअरमन आप्पासाहेबांच्या खुर्चीत बसून, आप्पासाहेबांची वीज जाळून, आप्पासाहेबांचीच टर. जुलैत 'टाकीचे तिसरे बारसे' छापून आला. एकाच पाण्याच्या टाकीचं तीनदा उद्घाटन झालं आणि तोटी अजून बसली नाही, एवढंच लिहिलं होतं. सगळं खरं. म्हणून झोंबलं. आज शिपाई छगन सांगत होता, "सर, लॅबची चावी चेअरमननी सोताच्या खिशात घातलीया. म्हनत्यात, ह्यो खोडरबर आपल्यातलाच हाय. लई तापल्यात."

फोनवरून पाठवावा, तर फोनवर माझ्या खऱ्या नावाचा मेल. अंगठा एकदा घसरला की 'प्रभुदास भिंगारदिवे, सहशिक्षक' या नावाने लेख रवाना! म्हणून हा वेगळा डबा. फक्त खोडरबरचा.

माझं काय, मी कायम आहे. निवृत्तीला पाच वर्षं राहिली, मला काढायचं तर यांना दहा दारं झिजवावी लागतील. पण माझी बायको, मेरी, त्याच शाळेत अकरा वर्षं तात्पुरती गणित शिकवतेय. तिला काढायला एक ओळ पुरते. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर कायम होणाऱ्यांची यादी वाचणार आहेत. मीटिंगमध्ये आप्पासाहेब गरजले, "खोडरबर सापडू द्या. त्याला तर सोडत न्हाईच, त्याच्या घरच्यास्नीबी सोडत न्हाई." माझ्याकडे बघून नाही गरजले. माझ्याकडे कुणी बघतच नाही. तेच माझं भांडवल.

५ ऑगस्ट

वायफाय चालायला एक फाईल लागते. ती फाईल इंटरनेटवर आहे. इंटरनेटसाठी वायफाय लागतं. ही व्यवस्था ज्याने बसवली तो आमच्या संस्थेच्या कार्यालयात नक्की नोकरी करून गेलेला असणार.

६ ऑगस्ट, बुधवार

लेख पाठवायचा वार. चुकला. चार वर्षांत पहिल्यांदा.

चिडून फोनवर टेलिग्रामच्या एका मराठी लिनक्स मंडळात घुसलो. चारशे बारा सदस्य. 'एक जिज्ञासू' असं नाव घेतलं आणि विचारलं, "वायफाय चालत नाही, काय करावे?" अर्ध्या मिनिटात राजनंदिनी नावाच्या कुणी बाईंचं उत्तर —

"लॅपटॉप कोणता, कार्ड कोणतं, काय काय करून पाहिलं? 'चालत नाही' ही माहिती नाही काका, हे रडणं आहे."

काका! 'जिज्ञासू'वरून हिला वय कळलं कसं? पण वाक्य चांगलं आहे. मला सुचायला हवं होतं. त्याचाच जास्त राग आला.

७ ऑगस्ट

राजनंदिनीबाईंचा हुकूम: मोबाईल केबलने लॅपटॉपला जोडा, त्याचं नेट लॅपटॉपला द्या, मग फाईल उतरवा. सोपं. जोडला. फोन मस्त चार्ज झाला. बाकी काही नाही.

"केबल फक्त चार्जिंगची असेल. डाटाची आणा."

शाळा सुटल्यावर राहुरीला गेलो. दुकानदार म्हणाला, "डाटावाली पायजे व्हय? मागच्या टायमाला तसं म्हनायचं ना, सर." म्हणजे केबल विकत घेताना तिच्यातून काहीतरी जावं अशी आपली अपेक्षा आहे, हे गिऱ्हाइकाने आधी सांगायचं!

८ ऑगस्ट, शुक्रवार

साप्ताहिक आलं. माझ्या जागी बोअरवेलच्या मशीनची जाहिरात. मशीनचा फोटो माझ्या लेखांपेक्षा मोठा छापलाय.

स्टाफरूममध्ये एकच विषय — खोडरबर घाबरला. आप्पासाहेब स्वतः पेढ्यांचा पुडा घेऊन आले. "किडा मेला!" म्हणत एकेकाच्या हातावर ठेवत गेले. मीही खाल्ला. चांगला होता. मेरीने घेतला नाही. "उपास आहे," म्हणाली. आमच्यात शुक्रवारी उपास असला तर तो ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत. हे ऑगस्टमध्ये कुठून आलं?

९ ऑगस्ट, शनिवार

नवी केबल. मोबाईलचं नेट लॅपटॉपमध्ये आलं. फाईल उतरली. लॅपटॉप बंद करून चालू केला. वायफाय नाही!! राजनंदिनीबाईंना मनातल्या मनात जे बोललो ते या वहीतही लिहिणार नाही.

त्यांनी एक आज्ञा टाइप करायला लावली. उत्तर आलं, वायफायचं कार्ड बाहेरून बंद आहे.

"लॅपटॉपच्या पुढच्या कडेला सरकवायचं बटण असेल. बघा."

होतं. नखाएवढं. बंद बाजूला! सात दिवस मी त्याच्यावर मनगट टेकवून शिव्या देत होतो. मेरी डोकावून म्हणाली, "हे होय? मला वाटलं झाकणाची कडी आहे."

सरकवलं. आणि पडद्यावर आसपासच्या वायफायची यादीच उतरली. सात नावं. सगळ्यात वर आमचं, मग डेअरीचं, मग शेजारच्या गोरक्षनाथचं — त्याने वायफायला नाव दिलंय 'फुकट मागू नये'. आयुष्यातला सर्वात कोडगा आनंद आज झाला. पडद्याचा फोटो काढला, मंडळात टाकला, खाली लिहिलं, "जमलं!! काकांना जमलं!" एकोणतीस जणांनी अंगठे दाखवले. राजनंदिनीबाईंनी नाही. असतील जेवायला बसलेल्या.

१० ऑगस्ट, रविवार

चर्चमधून बाहेर पडताना फोन बघितला. राजनंदिनीचा वेगळा, खासगी निरोप.

"फोटो आत्ताच्या आत्ता डिलीट करा. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला काय लिहिलंय बघा. मग यादीत सगळ्यात वर कुणाचं वायफाय आहे ते बघा. मी राहुरीचीच आहे. तुमचं सदर वाचते. एवढी अक्कल असलेला माणूस इतका बेअक्कल असू शकतो हे माहीत नव्हतं."

बघितलं. आज्ञा टाइप करायच्या चौकटीत प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला मी लॅपटॉपला सांगितलेलं नाव — khodrabar. यादीत सगळ्यात वर — Mary Bhingardive.

एकोणीस तास तो फोटो तिथे होता. काढला. पण चारशे बारा माणसं, आणि त्यातला एक पुरे.

घरी येऊन मेरीला सांगितलं. चार वर्षांत पहिल्यांदा तोंडाने म्हणालो, "खोडरबर मी आहे."

"दर बुधवारी जेवताना तुम्ही एकटेच हसता. मला काय वाटत असेल, भात आवडला?"

मग फोटोचं सांगितलं. ती सावकाश खाली बसली.

"वायफायला माझं नाव का?"

"कनेक्शन तुझ्या नावावर. बिल तू भरतेस. केबलवाल्याने बसवतानाच घातलं."

"आणि फोटोत तुमचं नाव कुठे आहे?"

"नाही."

"कुठेच?"

"कुठेच नाही."

"बरं," म्हणाली. उठून पोरांच्या वह्या तपासायला बसली. भांडली असती तर सोपं गेलं असतं. भांडणात मी बरा आहे.

११ ऑगस्ट

वायफाय उत्तम चालतंय. लेख लिहून तयार आहे. पाठवायची हिंमत नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार

मधल्या सुट्टीत छगनने मला जिन्याखाली ओढलं. "सर, चेअरमनकडं कुनीतरी एक फोटू आनून दिलाय. रंगीत प्रिंट काढलीया. मॅडमला निरोप हाय, शुक्रवारी झेंडावंदन झालं की केबिनमदी या म्हनून."

"मला?"

"तुमाला कशाला, सर?"

खरं लिहायचं म्हणून ही वही आहे, तर लिहितो. पहिल्यांदा भीती वाटली नाही. पहिल्यांदा राग आला. मेरी? हे लेख मेरी लिहिते असं वाटलं त्यांना? वाक्याला वाक्य घासून चार वर्षं मी मान मोडली, आणि श्रेय गणिताच्या बाईंना! भीती वाटायला जिना चढून वर्गात जाईपर्यंत वेळ लागला. लाज वाटायला त्याहून थोडा जास्त.

यात विचार करण्यासारखं काही नाही. मला काढता येत नाही, तिला येतं. मी जाऊन सांगायचं, संपलं.

१४ ऑगस्ट

सांगणार. उद्या, झेंडावंदनाच्या आधी.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनाच्या आधी जमलं नाही. बुटाला पॉलिश करत होतो.

झेंडा झाला, भाषण झालं, यादी वाचलीच नाही. "कायमचं नंतर बघू," एवढंच आप्पासाहेब म्हणाले. मेरी केबिनकडे निघाली. मी मागोमाग, न बोलावता.

टेबलावर तो फोटो. लाल पेनने दोन गोल — एक khodrabar भोवती, एक तिच्या नावाभोवती. आप्पासाहेबांनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा चक्क कनवाळू झाला. "या सर, बसा. बरं झालं तुमीच आला. तुमाला ठावं हाय का, तुमच्या पाठीमागं घरात काय उद्योग चाललाय?"

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं.

मेरी म्हणाली, "त्यांना काही माहीत नाही. मीच लिहिते."

"समदं?"

"सगळं."

"टाकीचं बी?"

"टाकीचं तर दोन दिवस लिहीत होते. तोटी बसली का हो?"

आप्पासाहेबांचा रंग बदलला. मग त्यांनी सरळ माझ्याकडे मान वळवली. "सर, खरं हाय का ह्ये?"

मला विचारलं. सरळ, माझ्या डोळ्यांत बघून. दोन शब्दांचं उत्तर होतं. आणि मी म्हणालो —

"मुलांना चिक्की वाटायची राहिलीय."

आणि बाहेर आलो. तालुक्याला चार वर्षं टोचणारी ही जीभ, आणि तिच्यातून निघाली ती चिक्की! सहाशे मुलांना वाटली. एकालाही कमी पडली नाही.

संध्याकाळी तिला विचारलं, "का म्हणालीस असं?"

"टेबलावर यादी होती. मला उलटं वाचता येतं, वर्गात रोज पोरांच्या वह्या उलट्याच बघते. माझं नाव नव्हतं त्यात. यादीवर तारीख तीस जुलै."

तीस जुलै. म्हणजे फोटोच्या दहा दिवस आधी. फोटो आला काय, न आला काय.

"अकरा वर्षं गप्प बसले म्हणून काढलं असतं," ती म्हणाली. "त्यापेक्षा बोलले म्हणून काढलं, हे बरं. सोमवारपासून येऊ नका म्हणाले."

मग बराच वेळ ती टेबलावरचे कागद सारखे करत राहिली.

"मला वाटलं होतं, मी 'मीच' म्हटल्यावर तुम्ही म्हणाल, नाही, मी."

मी बुटाची नाडी सोडायला वाकलो.

"चिक्की चांगली होती का?"

२० ऑगस्ट, बुधवार

साप्ताहिकाला लेख गेला. मी लिहिला नाही. मेरीने एका बैठकीत लिहिला, माझ्या लॅपटॉपवरून, यादीबद्दल, तीस जुलैच्या तारखेसकट. छापायला देण्याआधी मी बघू का म्हटलं, तर म्हणाली, "छापल्यावर वाचा. सगळा तालुका तसाच वाचतो." खाली खोडरबर नाही. मेरी भिंगारदिवे, पूर्ण नाव.

आत्ता लॅपटॉप उघडला. वायफाय दिसतंय, सगळ्यात वर. पासवर्ड तिने बदललाय.