कडेचं दिसत नाही

४ फेब्रुवारी
आज काका दुकानात आले – मुलीच्या शाळेची व्हॅन चालवणारे. म्हणाले, चष्मा बदलायचाय. समोरच्या तक्त्यावरची अगदी खालची ओळही घडाघडा वाचली. मग मी नेहमीसारखी पुढ्यात बसले, एक डोळा झाकायला लावला आणि हात कडेला नेऊन बोटं हलवली. "किती बोटं?"
"कुठली बोटं?"
दुसरा डोळा तपासला. तेच. नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं दिसतं, कडेचं काहीच नाही. काचबिंदू असावा. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा म्हटलं, आणि तोवर व्हॅन चालवू नका.
हसले. "ताई, तो रस्ता मी डोळे मिटूनही चालवीन."
त्याचीच तर भीती!

५ फेब्रुवारी
सकाळी व्हॅन आली. काकाच चालवत होते. मुलगी चढली, आणि मी नुसती हात हलवत उभी. दिवसभर लक्ष नाही. एका बाईंना भलतीच फ्रेम बांधून दिली.

७ फेब्रुवारी
घरी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "कुणाच्या पोटावर पाय देऊ नये गं. वयस्कर माणूस, कुठे जाईल?" नवरा म्हणाला, शाळेला फोन कर आणि मोकळी हो. दोघांचंही पटतं – हीच पंचाईत.
दुकानात कुणाच्या डोळ्यांत काय आढळलं ते बाहेर बोलायचं नाही, असंही शिकलेय. पण सायकलवाला कडेनेच येतो ना? रस्ता ओलांडणारं पोरही कडेनेच येतं.

१० फेब्रुवारी
काकांना व्हॅनपाशी गाठलं. हळूच विचारलं, "डॉक्टरांकडे गेलात?"
"जाणार आहे."
"मग शाळेला तुम्हीच सांगा, काका. नाहीतर मला सांगावं लागेल."
बराच वेळ स्टिअरिंगवरून हात फिरवत राहिले. "ताई, व्हॅन गेली तर मी सकाळी उठू कशाला?"
मागून मुलांचा नुसता कल्ला. गाडी सुरू करून निघून गेले.

११ फेब्रुवारी
आजपासून मुलीला मीच स्कूटरवरून सोडते. तिला म्हटलं, दप्तर जड झालंय तुझं. काकांना थोडी मुदत द्यायला हवी. त्यांनी आपणहून सांगितलं तर त्यांचा मान राहील.
दुपारी चक्क झोप लागली.

१३ फेब्रुवारी
जेवताना मुलगी म्हणाली, "आई, माझ्या जागेवर आता पहिलीतली छोटी बसते. तिला खिडकी मिळाली!"
ताट तसंच ठेवून मी उठले.
परवाचं पान पुन्हा वाचलं. मुदत म्हणे! मान म्हणे! स्वतःची पोर तेवढी काढून घेतली आणि मग दयाळू झाले. त्या छोटीच्या आईला काय माहीत, खिडकीची जागा रिकामी का झाली? तिला दारात हसून हात हलवताना रोज बघते मी.
उद्या शाळेत जाते. काका दुखावले तर दुखावले.

१४ फेब्रुवारी
गेले. मी तोंड उघडायच्या आतच मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "काकांबद्दल ना? ते सकाळीच किल्ली देऊन गेले. सगळं सांगितलं त्यांनी. तुमचं नाव घेतलं. म्हणाले, ताईंनी मला आधीच बजावलं होतं."
मी सुटकेचा निःश्वास टाकला. तो अर्ध्यावरच राहिला.
"तुमची मुलगी मंगळवारपासून व्हॅनमध्ये नाही ना?"
"नाही."
मान हलवून त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

१७ फेब्रुवारी
काका आले, बायकोचा हात धरून. डॉक्टरांनी थेंब दिलेत. गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकेल. मी माफी मागायला लागले, तर म्हणाले, "तुम्ही तोंडाने सांगितलंत, ते मला खरं वाटलं नव्हतं. पोरीला काढून घेतलंत, तेव्हा वाटलं."
मग म्हणाले, "त्यानंतरही मी बाकीची पोरं नेलीच, ताई. ते ओझं तेवढं तुमचं नि माझं, दोघांचं."